खेळगड्यांचा नवा धंदा

"मोठेपणीं मी कोण होणार?" हा विषय निबंधास घातला असतां पूर्वीं वर्गांतून डॉक्टर, इंजिनियर, वकील व एखाददुसरा सैनिक निघत असे, आणि वह्या तपासणाऱ्यास फारसा विचार करावा लागत नसे. अलीकडे त्याच वह्यांत एक नवें उत्तर वारंवार आढळूं लागलें आहे. मुलगा लिहितो, "मी यूट्यूबवर गेम खेळून दाखवीन." मुलगी लिहिते, "मी ॲनिमेशन करीन व तें सर्व जगास दाखवीन." हें वाचून पालकांची दोन प्रकारची स्थिति होते. कांहींचा संताप होऊन घरांतील मोबाईल कपाटांत कुलुपबंद होतो. कांहींस मात्र त्यांत घबाड दिसतें, व सातव्या इयत्तेंतील चिरंजीवांसाठीं दिवे, माईक व फिरती खुर्ची यांची खरेदी सुरू होते. आमच्या मतें हे दोन्ही पालक एकच गोष्ट विचारावयाची विसरतात: या धंद्यांत प्रत्यक्ष काम तें काय? सुताराच्या मुलास रंधा ठाऊक असतो, वकिलाच्या मुलीस अशिलांची वर्दळ ठाऊक असते. या नव्या धंद्याचें मात्र फक्त तयार झालेलें फळ दिसतें. त्याचें आळें कोणी पाहिलेलें नसतें. म्हणून तें आळें जरा उकरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

या धंद्याचीं मुळांत दोन अंगें आहेत, व तीं एकमेकांत मिसळलीं जात असल्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. एक अंग चित्रकाराचें: स्थिर चित्रें काढून तीं हालतीं करावयाचीं. दुसरें खेळाडूचें व बोलक्या माणसाचें: संगणकावर किंवा मोबाईलवर गेम खेळतांना तो पडदा लोकांस दाखवावयाचा, व खेळतां खेळतां त्यांच्याशीं बोलावयाचें. कित्येक तरुण दोन्ही करतात. कारण दोहोंचा बाजार एकच, व त्या बाजाराचा दरवाजा आज प्रत्येकाच्या खिशांत आहे. पूर्वीं आपली चित्रफीत लोकांस दाखवावयाची म्हणजे चित्रगृहाचा मालक गांठावा लागे. आतां महालांतील एका खोलींत बसून केलेला व्हिडिओ त्याच दिवशीं सोलापुरांत, दुबईंत व सिंगापुरांत पाहतां येतो. हें सामर्थ्य लहान नव्हे. त्याची थट्टा करणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं.

प्रथम चित्रांचें पाहूं. आपला डोळा फसावा व स्थिर चित्र हाललेंसें वाटावें यासाठीं चित्रपटांत एका सेकंदास २४ चित्रें डोळ्यांपुढून जातात. एका मिनिटास १,४४० झालीं. हातानें काढणारे कलावंत पुष्कळदां एकच चित्र दोन वेळां दाखवून श्रम वांचवितात. तरीहि मिनिटास ७२० उरतातच. दहा मिनिटांच्या गोष्टीस ७,२०० चित्रें! संगणक मधलीं चित्रें भरून काढण्यास मदत करतो, रंग भरतो, चुकलेली रेघ पुसतो. परंतु पात्रानें मान कोठें वळवावी, किती वेळ थांबावें, व हंसण्यापूर्वीं किंचित् कां कचरावें, हें काढणाऱ्यासच ठरवावें लागतें. आतां तर नुसत्या शब्दांवरून चित्रफीत तयार करणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. त्यांमुळें हें ठरविण्याचें ओझें कोणाच्या डोक्यावरून उतरलें असें आम्हांस दिसत नाहीं. ज्यास कांहींच ठरवितां येत नाहीं त्याचें काम मात्र हजारों सारख्या कामांत बुडून जाऊं लागलें आहे.

या कामाची आपल्या देशांतील जुनी गोष्ट महाराष्ट्राचीच आहे, आणि ती मुलांनीं नीट ऐकावी अशी आहे. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. छायाचित्रण, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, छापखाना असे उद्योग करतां करतां त्यांची चाळिशी आली. १९१०-११ च्या सुमारास त्यांनीं मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला, आणि तो पाहतांना पडद्यावर आपले राम व कृष्ण त्यांच्या मनश्चक्षूंपुढें उभे राहिले. त्यानंतर चित्रपट पाहण्याचा व यंत्रांशीं झटण्याचा त्यांनीं असा सपाटा लावला कीं त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली; औषधोपचारानें ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. परंतु भांडवल देणारा कोणी भेटेना. आजच्या एखाद्या तरुणानें अशा वेळीं नशिबास बोल लावून दुसरा मार्ग धरला असता. फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, आणि ठराविक वेळानें एकेक चित्र असें महिनाभराहून अधिक काळ घेत राहिले. तीं सारीं चित्रें सलग दाखवितांच पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला व वेल सरसर वर चढला. महिनाभराची वाढ क्षणभरांत! ही फीत पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंनीं आपले दागिने काढून दिले. आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

याच फाळक्यांनीं १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नांवाची एक लहानशी फीत केली. आगकाड्या मांडावयाच्या, चित्र घ्यावयाचें, काड्या केसभर सरकवावयाच्या, पुन्हां चित्र घ्यावयाचें. अशा रीतीनें निर्जीव काड्यांस जीव आणावयाचा. म्हणजे आज ज्यास आपलीं मुलें ॲनिमेशन म्हणतात तो उद्योग आपल्या घरांत शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. १९४४ सालीं नाशिक येथें फाळके वारले तेव्हां त्यांच्यापाशीं संपत्ति उरली नव्हती, हेंहि पालकांपासून लपविण्याचें कारण नाहीं. पुढें पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३४ सालीं 'जंबूकाका' हा व्यंगपट केला. १९५६ सालीं मुंबईंत फिल्म्स डिव्हिजनची स्वतंत्र व्यंगपट शाखा चालूं झाली. ज्या पालकांचें बालपण दूरदर्शनच्या काळांत गेलें त्यांस 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची फीत आठवत असेल. तिच्या दिग्दर्शिका विजया मुळे मुंबईच्या मराठी घरांतल्या.

याच वाटेवरील अलीकडचें एक नांव सांगावयाचें तर तें गीतांजली राव यांचें. यांनीं जे. जे. मध्यें उपयोजित कला शिकल्यावर राम मोहन यांच्या चित्रशाळेंत काम करतां करतां ॲनिमेशन आत्मसात् केलें. त्यांची 'प्रिंटेड रेनबो' ही फीत २००६ सालीं फ्रान्समधील कान येथें समीक्षक सप्ताहांत गौरविली गेली. ती अवघी १५ मिनिटांची आहे. एक एकाकी वृद्धा, तिचें मांजर, आणि काड्यापेट्यांवरील रंगीत चित्रें. त्या चित्रांतून ती वृद्धा दूरदूरच्या जगांत फिरून येते. या १५ मिनिटांस त्यांस सुमारें तीन वर्षें लागलीं, आणि चित्रें त्यांनीं स्वतः हातानें रंगविलीं. (फाळक्यांस आगकाडींत विषय सांपडला, यांस तिच्या पेटीवर! आपल्या मुलांस मात्र विषयासाठीं ड्रॅगनच लागतो.) पुढें त्यांनीं 'बॉम्बे रोज' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, २०१९ सालीं व्हेनिस येथें समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्यानें झाला. तोहि एकेक चौकट रंगवूनच.

आतां खेळाडूंकडे वळूं. मुंबईचे मिथिलेश पाटणकर हे 'मिथपॅट' या नांवानें यूट्यूबवर गेम खेळून दाखवितात. त्यांच्या वाहिनीचे अनुयायी १ कोटीहून अधिक आहेत. एप्रिल २०२४ मध्यें पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं देशांतील सात नामांकित खेळाडूंस बोलावून त्यांच्याशीं वार्तालाप केला, त्यांत पाटणकर होते. आमच्या पिढीचा मनुष्य त्यांचा एखादा व्हिडिओ पाहावयास बसला तर त्यास प्रथम कांहींच कळत नाहीं. गाड्या उडतात, माणसें आपटतात, आणि कोणी तरी अखंड बडबड करतो. परंतु थोडें लक्ष देऊन ऐकिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं लोक तेथें खेळाचा निकाल पाहावयास आलेले नाहींत. ते त्या बोलणाऱ्या माणसाची संगत घ्यावयास आले आहेत. त्याची फजिती, त्याचा हजरजबाब, त्याचें स्वतःवर हंसणें, हें त्याचें भांडवल. कीर्तनकार पूर्वरंग संपवून आख्यानास वळतांना श्रोत्यांची जांभई ओळखतो, तमाशांतला सोंगाड्या गर्दीची नाडी ओळखतो, त्याच जातीचें हें कसब आहे. फरक इतकाच कीं श्रोते समोर नसतात. तासन् तास केलेल्या खेळांतून दहा-बारा मिनिटेंच ठेवावयाचीं व बाकीचें कापावयाचें, ही कात्री चालवितांना प्रेक्षकाची जांभई कल्पनेनेंच ओळखावी लागते. पाटणकरांची वाहिनी हिंदींत आहे. मराठी घरांतील तरुणानें हिंदींत बोलून पोट भरावें यांत गैर कांहीं नाहीं. परंतु मराठींत असा विनोद ऐकावयास बसणारे श्रोते आपण किती तयार केले, हा प्रश्न त्यास विचारण्याआधीं आपण स्वतःस विचारावा.

येथें नागपूरकर वाचकांस बुद्धिबळ आठवेल, व तें आठवणें योग्यच आहे. आपल्या गांवची कुमारी दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें कोनेरू हंपी यांच्यावर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला, व त्यासरशी ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हां ती १९ वर्षांची होती. त्यापूर्वीं २०१९ सालीं याच नागपूरच्या रौनक साधवानी यानें १३ व्या वर्षीं तें पद मिळविलें होतें. गांवानें दोघांचें कौतुक केलें, आणि घरोघर पट मांडले गेले. मग मुलें विचारतात, "पटावरचा खेळ अभिमानाचा, आणि पडद्यावरचा खेळ म्हणजे वेळेचा नाश, हें कसें?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. २०१८ च्या आशियाई क्रीडामहोत्सवांत ई-क्रीडा प्रदर्शनार्थ होत्या, आणि भुजच्या तीर्थ मेहता यांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. पुढच्या महोत्सवांत, जो २०२३ सालीं चीनमध्यें भरला, त्या पदकांच्या खेळांत आल्या. डिसेंबर २०२२ मध्यें आपल्या सरकारनें ई-क्रीडांस क्रीडा मंत्रालयाखालीं घेतलें. एवढेंच काय, २०२५ सालीं रियाध येथील ई-क्रीडांच्या विश्वचषकांत बुद्धिबळहि खेळलें गेलें! तेव्हां पट आणि पडदा यांमधील कुंपण आतां पूर्वींइतकें उंच राहिलेलें नाहीं.

आमच्या मतें खरा भेद बुद्धीचा नसून मालकीचा आहे. बुद्धिबळाचीं ६४ घरें कोणाच्याच मालकीचीं नाहींत. घोडा अडीच घरेंच चालतो, व उद्यां सकाळीं त्यानें तीन घरें चालावें असें कोणत्याहि कंपनीस ठरवितां येत नाहीं. कुमारी दिव्या जें शिकली तें तिच्या आयुष्यभर तिचें. मोबाईलवरील गेम मात्र कोणा एका कंपनीचा असतो. त्याचे नियम ती बदलते, तो बंद करावयाचा तेव्हां ती बंद करते, आणि ज्या देशांत तो खेळला जातो तेथील सरकारहि तो बंद करूं शकतें. ही नुसती भीति नव्हे, घडलेली हकीकत आहे. नवी मुंबईचे नमन माथुर, ज्यांस खेळगडी 'मॉर्टल' म्हणतात, यांच्या संघानें २०१९ सालीं हैदराबाद येथें पबजी मोबाईलची अखिल भारतीय स्पर्धा जिंकून ३० लाख रुपयांचें पारितोषिक मिळविलें, व त्याच वर्षीं हा संघ बर्लिन येथील जागतिक स्पर्धेस गेला. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाईल होता. ज्यांनीं त्या एका खेळांत दोन-दोन वर्षें हाताचीं बोटें झिजविलीं होतीं त्यांचें कौशल्य त्या दिवशीं एकाएकीं निरुपयोगी झालें. पुढें जुलै २०२१ मध्यें तो नव्या नांवानें आला, जुलै २०२२ मध्यें पुन्हां गेला, आणि मे २०२३ मध्यें पुन्हां परतला. जून २०२० मध्यें टिकटॉक बंद झालें तेव्हां तर महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतील कित्येक विनोदी तरुण-तरुणींचा सारा जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रींत नाहींसा झाला. त्यांचा कांहीं अपराध नव्हता. दुकान त्यांचें होतें, परंतु ओटा दुसऱ्याचा होता.

मग माथुर कसे तरले? त्यांचें नांव एका खेळापुरतें राहिलें नव्हतें. शांतपणें बोलणें, सहकाऱ्यांस सांभाळून घेणें, रोज ठराविक वेळीं लोकांपुढें येणें, यांमुळें खेळ बदलला तरी श्रोते बसून राहिले. त्यांनीं २०२० सालीं सहकाऱ्यांसह उभारलेल्या 'सोल' या संस्थेस २०२२ सालीं अमेरिकेंतील लास व्हेगास येथें आंतरराष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. जें कंपनीचें होतें तें गेलें व आलें. जें त्यांचें स्वतःचें होतें तें राहिलें. आपलें मूल या वाटेनें जाऊं म्हणतें तेव्हां पालकांनीं नेमकें हेंच तपासावें: उद्यां हा खेळ, ही वाहिनी, हा मोबाईल काढून घेतला, तर मुलाच्या हातीं काय उरेल? रेघ काढतां येते काय? गोष्ट सांगतां येते काय? चार वाक्यें न अडखळतां बोलतां येतात काय? यांपैकीं कांहीं उरत असेल तर मूल शिकत आहे असें समजावें, मग तें शिकणें पडद्यापुढें झालें असलें तरी. कांहींच उरत नसेल, तर दिवे व माईक कितीहि भारी असोत, तेथें फक्त भाडें भरणें चाललें आहे.

पैशाविषयीं थोडें स्पष्ट बोलणें अवश्य आहे, कारण घरोघर त्याविषयीं भलत्या कल्पना आहेत. यूट्यूबवर लांब व्हिडिओ करणाऱ्यास जाहिरातींच्या उत्पन्नांतील वांटा मिळण्यासाठीं वाहिनीस किमान १,००० सभासद लागतात, व मागील १२ महिन्यांत लोकांनीं तिचे व्हिडिओ एकंदर ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ २४,००० माणसांनीं अथपासून इतिपर्यंत पाहिला म्हणजे हे तास भरतात. आणि अथपासून इतिपर्यंत पाहणारे किती थोडे असतात, हें आपण आपल्याच बोटांस विचारावें. हा उंबरठा ओलांडल्यावर अशा व्हिडिओंवरील जाहिरातींच्या दर १०० रुपयांतून ५५ निर्मात्याचे व ४५ कंपनीचे. पैशाचें खातें १८ वर्षांखालील मुलाच्या नांवें उघडत नाहीं. जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस तेथें एकट्यानें थेट प्रक्षेपणहि करतां येत नाहीं, व हा नियम आम्हांस पसंत आहे. तेव्हां शाळकरी वयांत या धंद्यापासून संसारास हातभार लागेल ही आशा पालकांनीं सोडून द्यावी. मुलाच्या कौशल्यावर तिचा भार पडूं नये.

आणखी एक गोष्ट. खेळ आणि द्यूत यांची गल्लत होऊं देऊं नये. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यानें ई-क्रीडांस मान्यता दिली. कौरवांच्या सभेंतील फांसे ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या भेदाचें महत्त्व सांगावयास नको. त्याआधीं कित्येक लोकप्रिय मंडळी अशा जुगारी खेळांच्या जाहिराती मुलांपुढें बिनदिक्कत करीत होती. कायदा झाला हें बरेंच झालें. तसेंच, जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगांच्या यादींत खेळाच्या व्यसनासहि स्थान दिलें आहे. त्याचें लक्षण नुसते तास मोजून ठरत नाहीं. खेळ हातांबाहेर जाणें, झोंप, अभ्यास, सोबती यांपेक्षां तोच वरचढ होणें, आणि नुकसान दिसत असूनहि तो न सुटणें, व हें सारें दीर्घकाळ चालणें, असें तें लक्षण आहे. ज्या मुलाच्या घरांत असें दिसेल तेथें धंद्याची चर्चा बाजूस ठेवून डॉक्टरांची गांठ घ्यावी.

बाकीच्यांसाठीं एक परीक्षा आम्ही सुचवितों. तिला मोबाईल लागत नाहीं. एक जुनी वही घ्यावी, व तिच्या कोपऱ्यावर ४८ पानें एक चेंडू काढावा: वरून पडणारा, जमिनीवर आपटून पुन्हां उसळणारा. पानें अंगठ्यानें भरभर सोडलीं कीं चेंडू हालूं लागेल. पहिल्या खेपेस तो पडणार नाहीं, तरंगेल. कारण मुलानें प्रत्येक पानावर तो सारख्याच अंतरानें खालीं आणिलेला असेल. पडणारी वस्तु सारख्या काळांत १, ३, ५, ७ अशा वाढत्या मापानें अंतर कापते, हें विज्ञानाच्या पुस्तकांत पाठ केलेलें वाक्य त्या कोपऱ्यावर प्रथम खरें होतें. दुसऱ्या खेपेस चेंडू पडेल, परंतु दगडासारखा. आपटतांना तो जरा चपटा काढला म्हणजे त्यांत रबर येईल. तिसऱ्या खेपेस मुलास वाटेल कीं हा चेंडू भित्रा आहे, किंवा खट्याळ आहे, आणि तेथून पुढें तें मूल कोणाच्या हांकेस ओ देणार नाहीं. एक आठवडा या वहीपाशीं रमणाऱ्यास काम आवडतें. पहिल्या दहा पानांवर कंटाळून "हें लोकांस कधीं दाखवावयाचें?" असें विचारणाऱ्यास टाळ्या आवडतात, त्यास रागावूं नये, पण त्याच्यासाठीं कर्ज काढूं नये.

साधनें नाहींत ही सबब आतां चालत नाहीं. ब्लेंडर व क्रिता हीं चित्रें काढण्याचीं व हालविण्याचीं साधनें संगणकावर विनामूल्य मिळतात. लॅटव्हिया या यूरोपांतील लहानशा देशांत गिंट्स झिल्बालोडिस नांवाच्या तरुणानें आपला पहिला लांब चित्रपट एकट्यानें केला. तो २०१९ सालीं आला. त्यानंतरचा त्याचा 'फ्लो' हा ब्लेंडरवर केलेला चित्रपट मार्च २०२५ मध्यें ऑस्कर घेऊन गेला. त्यांत एक मांजर आहे, पूर आहे, आणि संवाद एकहि नाहीं. त्या सबंध देशाची वस्ती २० लाखांहून कमी आहे. २०११ च्या शिरगणतींत एकट्या नागपूर शहराचीच २४ लाखांवर होती.

आणि विषयांचें दारिद्र्य तर आपल्याकडे मुळींच नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं काळी व पिवळी मारबत ज्या गल्ल्यांतून निघते, त्या गल्ल्यांइतकें चित्रमय स्थळ आमच्या पाहण्यांत नाहीं; त्या प्रचंड बाहुल्या, ते बडगे, ती आरडाओरड, कोणा मुलीनें एकदां हालत्या रेघांत उतरवून पाहावी. त्याच दिवशीं तान्ह्या पोळ्यास लांकडी नंदी ओढीत निघालेलीं पोरें आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांतील झाडीपट्टीचीं रात्रभर चालणारीं नाटकें आहेत. वऱ्हाडी बोलीचा ठसका आहे, जो ऐकून पुण्याचा मनुष्यहि हंसतो व मग अर्थ विचारतो. जपानच्या कथांतील टोपलीभर केंसांचे वीर आपलीं मुलें हुबेहूब काढतात. हात चांगला आहे हें त्यावरून सिद्धच झालें. तोच हात उन्हाळ्यांतल्या दुपारीं खसाच्या टट्ट्यांवर पाणी मारणाऱ्या आजोबांवर चालवून पाहावा.

शेवटीं शाळांविषयीं. महाराष्ट्र शासनानें ॲनिमेशन, दृश्य-परिणाम व गेमिंग यांसाठीं २०२५ सालीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें. त्याच वर्षीं मुंबईंत या विद्यांची एक राष्ट्रीय संस्थाहि सुरू झाली. नागपुरांत शासकीय चित्रकला महाविद्यालय पूर्वींपासून आहेच. म्हणजे वरचे मजले बांधणें चालू आहे. तळमजल्याची स्थिति मात्र अशी कीं, नववी-दहावीचें वेळापत्रक आवळावयाचें झालें म्हणजे पहिली कात्री चित्रकलेच्या तासावर चालते. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांस मुलें बसतात तीं बहुधा शालान्त परीक्षेंतील वाढीव गुणांसाठीं. गुण पदरांत पडले कीं ब्रश सुकून जातो. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले तर त्यांच्या जागीं दुसरे लौकर येत नाहींत. हें ज्यांच्या हातीं आहे त्यांस आमची विनंती आहे कीं, चित्रकलेचा तास दहावीपर्यंत राखावा. तें होईपर्यंत, शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर चित्रकलेची खोली आणखी एक तास उघडी राहावी, व ज्यास यावयाचें त्यानें यावें. फळ्याजवळ एक घड्याळ, चार डझन कोऱ्या वह्या, पेन्सिली व खोडरबर एवढेंच सामान लागेल. वह्यांचा खर्च कांहीं माजी विद्यार्थी उचलतील अशी आम्हांस उमेद आहे. त्यांनीं आपलीं नांवें कार्यालयांत नोंदवावींत.